सोलापूरच्या घरात इग्वानाला ऊब देताना: पिंजरा, दिवे, थर्मोस्टॅट आणि वायरिंग

राघू, म्हणजे आमचा पाळलेला इग्वाना, झाडावर राहणारा मोठा हिरवा सरडा, आमच्याकडे आला त्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. पहाटे पाच वाजता हॉलमधल्या थर्मामीटरवर साडेसतरा अंश दिसत होते. फांदीवर राघू काळपट, मेंदीच्या वाळक्या पानासारखा होऊन बसला होता. हात लावला तरी डोळा उघडेना. आई म्हणाली, "अरे, त्याच्यावर एक चादर टाक की, गारठलंय ते." घरात सोलापुरी चादरींना तोटा नाही, मीही टाकली. तासाभराने पाहिलं तर अंग तितकंच गार.

मग लक्षात आलं की चादर ऊब तयार करत नाही, ती आपल्या अंगची ऊब अडवून धरते. इग्वानाच्या अंगात अडवून धरायला स्वतःची ऊबच नसते. बाहेरून मिळेल तेवढीच त्याची. तो काळा पडतो तेही त्यासाठीच, गडद रंग उन्हाची उष्णता जास्त शोषतो. सूर्य उगवेल या आशेवर तो रंग बदलून बसलेला असतो आणि आपण त्याला बंद खोलीत ठेवलेलं असतं.

सोलापूरच्या लोकांना हे सांगताना एक अडचण येते. "इथं कसलं गरम करायचं? मे महिन्यात आपणच भाजून निघतो," असं जो तो म्हणतो. खरंच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५च्या आसपास, एखाद्या वर्षी त्याखालीही उतरतो. म्हणूनच पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या सल्ल्यावर इथला पिंजरा चालत नाही. दिवा लावायला कुणालाही जमतं. तो योग्य वेळी आपोआप बंद होईल याची व्यवस्था करणं हे इथलं खरं काम आहे. या लेखात मी सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

त्याला किती ऊब लागते

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांचा. नदीकाठच्या झाडांवर राहतो आणि झाडांचा पाला, फुलं, फळं खातो. हा पाला पचवण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात, पाला तिथं आंबतो. अंग गार राहिलं तर ते जिवाणू मंदावतात. मग पोटभर मेथी-शेवग्याचा पाला खाऊनही प्राणी उपाशीच राहतो, वर पोट फुगतं. पाळलेले इग्वाना खात नाहीत अशी तक्रार येते तेव्हा मी आधी तापमान विचारतो, जेवण नंतर.

लागणारे आकडे असे. शेकायच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश. पिंजऱ्याच्या उबदार बाजूच्या हवेत २९ ते ३२. दुसऱ्या टोकाला, सावलीत, २६-२७. रात्री २३ ते २५ पुरे. २१च्या खाली जाऊ देऊ नका. यातलं २६-२७ वालं टोक लोक विसरतात. सगळा पिंजरा एकसारखा ३५ अंशांवर ठेवला तर त्याला निवायला जागाच राहत नाही. शेकून झालं की तो स्वतः सावलीत जातो, पुन्हा गार झाला की परत येतो. हे येणं-जाणं म्हणजेच त्याचं आरोग्य.

कागद आधी

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात (साइट्स) असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंद करावी लागते आणि हिरवा इग्वाना त्या यादीत आहे. २०२४च्या नियमांप्रमाणे ही नोंदणी 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर होते. तिची प्रत घरात हाताशी ठेवा. शेजाऱ्यांना इग्वाना म्हणजे घोरपडच वाटते. घोरपड आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणं गंभीर गुन्हा आहे. कुणी वनखात्याला फोन केला तर दोन्हींतला फरक कागदानेच सिद्ध होतो.

पहिला आठवडा फक्त मोजायचं

काहीही विकत घेण्याआधी पिंजऱ्याच्या जागी एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. कमाल-किमान लक्षात ठेवणारा मिळतो, तोच घ्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. स्लॅबच्या वरच्या मजल्यावरची खोली आणि तळमजल्यावरची दगडी भिंतींची खोली यांत सहज पाच-सहा अंशांचा फरक पडतो. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो, त्यामुळे तिथं रात्रीचा हीटर डिसेंबरच्या मध्यापर्यंत लागतही नाही. जुन्या वाड्यातल्या गार खोलीत तो दिवाळीनंतर लगेच लागतो. तुमची खोली यातली कोणती हे वही सांगेल, दुकानदार नाही.

पिंजरा

पूर्ण वाढलेला इग्वाना शेपटीसकट पाच फुटांपर्यंत, कधी त्याहून लांब होतो. त्याला सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल जागा हवी. मासे ठेवायची काचेची टाकी चालत नाही. त्यात तापमानाचा उतार तयारच होत नाही, हवा कोंडते, आणि खिडकीतून ऊन आलं तर टाकीची भट्टी होते.

सुताराकडून १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायवूडचं कपाट करून घ्या. मागची बाजू आणि दोन्ही कडा बंद, पुढे सरकती काच. वरच्या भागात अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. खाली एका कडेला आणि विरुद्ध कडेला वर हवेसाठी झरोके. गार हवा खालून शिरते, तापलेली वरून निघते. आतून ऊब धरायला थर्माकोल लावायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. थर्माकोल पटकन पेट घेतो आणि इग्वाना तो कुरतडून खातोही.

फांद्या पेरूच्या किंवा आंब्याच्या, औषध न फवारलेल्या. शेकायची फांदी त्याच्या अंगाएवढी जाड आणि आडवी असावी, म्हणजे तो पोट टेकून पसरू शकतो. ती स्क्रूने भिंतीला घट्ट बसवा. चार-पाच किलोचा प्राणी उडी मारतो तेव्हा नुसती टेकवलेली फांदी दिव्यावर जाऊन आदळते.

दिवसाचा दिवा

एक मोठा दिवा लावण्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे फांदीच्या लांबीवर ओळीने लावा. हे नीट समजून घ्या, कारण पाठीवरच्या बहुतेक भाजण्याचं मूळ इथं असतं. मोठ्या इग्वानाचं धड दीड फुटाचं. एकाच झगझगीत दिव्याखाली तो बसला की पाठीचा एक वितीएवढा तुकडा तापतो आणि बाकीचं अंग गारच राहतं. अंग गार आहे म्हणून तो हलत नाही, आणि तो तुकडा भाजत राहतो. ५०-६० वॅटचे दोन हॅलोजन फ्लडलाइट शेजारी शेजारी लावले की पूर्ण धड सारखं शेकतं.

पोल्ट्रीच्या दुकानात पिलांसाठी २५० वॅटचा लाल बल्ब मिळतो आणि तो स्वस्त म्हणून कुणीतरी सुचवतंच. घरातल्या पिंजऱ्यासाठी तो फार जास्त आहे. गरम होणारे 'हीट रॉक' म्हणून मिळणारे दगडही घेऊ नका. इग्वानाला ऊब वरून, सूर्यासारखी घ्यायची सवय असते. पोटाखालची धग त्याला वेळेवर कळत नाही आणि तो भाजेपर्यंत बसून राहतो.

दिवे शक्यतो वरच्या जाळीच्या बाहेर ठेवा, फांदीपासून किमान एक फूट वर. आत लावावेच लागले तर प्रत्येकाभोवती जाळीचं पिंजरं हवं, आणि तेही एवढं ऐसपैस की दोन तास दिवा चालू राहिल्यावर त्या जाळीला हात लावून दहा सेकंद धरता आला पाहिजे. इग्वाना या जाळीला लटकतो. राघू तर नेमका तिथंच जायचा.

अंतर पट्टीने ठरवू नका, तापमानाने ठरवा. फांदीवर, त्याची पाठ येईल त्या उंचीवर, थर्मामीटरची तार ठेवा आणि दोन तासांनी आकडा पाहा. ३८च्या वर गेला तर दिवा वर घ्या किंवा वॅट कमी करा. पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतात, त्यांचा इथं उपयोग नाही.

दिवे सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद, साध्या टायमरवर. रात्री उजेड नको, लाल-निळाही नको.

रात्रीसाठी सिरॅमिक हीटर

दिसायला बल्बसारखा, पण उजेड न देणारा. १०० किंवा १५० वॅटचा पुरतो. याची एक गोष्ट सतत लक्षात ठेवा. चालू आहे की बंद, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, आणि त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर तापतो. बंद केल्यावरही अर्धा तास हात लावायचा नाही. घरात लहान मूल असेल तर पिंजऱ्याला कुलूप हवं.

होल्डर चिनी मातीचाच हवा. साधा प्लास्टिकचा किंवा बॅकेलाइटचा होल्डर काही आठवड्यांत ठिसूळ होतो आणि एके रात्री हीटर खाली पडतो. होल्डरमधून निघणारी पहिली हातभर वायर उष्णता सोसणारी, काचेच्या किंवा सिलिकॉनच्या आवरणाची घ्या. 

आणि चादर. थंडी वाढली की पिंजऱ्यावर चादर किंवा टर्किश टॉवेल टाकायचा मोह सगळ्यांना होतो. माझ्या घरातली ती चादर अजून आहे, तिच्या एका कडेला रुपयाएवढा तपकिरी डाग आहे. सुताचा जळका वास आला म्हणून मी उठलो, नाहीतर तो डाग तेवढाच राहिला नसता. झाकायचंच असेल तर फक्त मागची आणि गार बाजू झाका. हीटरच्या बाजूला आणि वरती कापड कधीच नको.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. त्याच्याशिवाय सिरॅमिक हीटर लावू नका. पैसे कमी असतील तर दिवा साधा घ्या, फांद्या फुकटच्या आणा, पण यात काटकसर नको.

अंडी उबवायची यंत्रं बनवणारे एसटीसी-१००० नावाचा डिजिटल कंट्रोलर वापरतात. तो सहज मिळतो, २३० व्होल्टवर चालतो, आणि १५० वॅटचा हीटर त्याला जड नाही. त्याला एक लांब तार असते, टोकाला सेन्सर. आपण हवं ते तापमान आणि किती फरक पडला की चालू व्हायचं ते भरायचं. मी रात्रीसाठी २४ अंश आणि १ अंशाचा फरक ठेवतो. म्हणजे २३ला हीटर चालू, २४ला बंद. याची जोडणी उघड्या टर्मिनलवर असते, म्हणून तो डब्यात बसवून इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या आणि डबा पिंजऱ्याबाहेर ठेवा.

सेन्सर कुठे ठेवायचा यावर सगळं अवलंबून आहे. हीटरच्या थेट खाली नको, नाहीतर तेवढीच जागा गरम होऊन हीटर बंद पडतो आणि पिंजरा गार राहतो. इग्वाना ज्या फांदीवर झोपतो तिच्या उंचीला, हीटरपासून फूट-दीड फूट बाजूला सेन्सर हवा. आणि तो क्लिपने, स्क्रूने पक्का करा. चिकटपट्टी दमट हवेत सुटते.

मी पहिल्या वर्षी चिकटपट्टीच लावली होती. एका रात्री राघूची शेपटी तारेत अडकली आणि सेन्सर निघून झरोक्यातून बाहेर लोंबला. बाहेर १८ अंश. कंट्रोलरला वाटलं पिंजरा गार आहे, म्हणून त्याने हीटर रात्रभर चालू ठेवला. सकाळी सहाला आतल्या हवेत ३९ अंश होते आणि राघू तोंड उघडं टाकून खालच्या कोपऱ्यात, पाण्याच्या ट्रेमध्ये बसला होता. पिंजरा मोठा होता, खाली गारवा शिल्लक होता, म्हणून तो वाचला. छोट्या टाकीत वाचला नसता.

त्या दिवसापासून माझ्याकडे दोन कंट्रोलर आहेत, एकामागे एक जोडलेले. पहिला २४वर काम करतो. दुसऱ्याचा सेन्सर पिंजऱ्यात वेगळ्या जागी आहे आणि तो ३० अंशांवर लावला आहे. पहिल्याचा सेन्सर निसटला किंवा त्याचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा आतला स्विच, चिकटून बसला (रिले चिकटणं हा या यंत्रांचा नेहमीचा आजार आहे), तर दुसरा वीज तोडतो. ज्याच्याकडे इग्वाना आहे त्याला मी हा दुसरा कंट्रोलर घ्यायचा आग्रह करतो, अगदी हात जोडून.

वायरिंग

पिंजऱ्यात पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत. ज्या सॉकेटवर हे सगळं चालतं त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि अर्थिंग खरोखर असलं पाहिजे. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. टेस्ट लॅम्प लावून तपासून घ्या. एका मल्टिप्लगमध्ये हीटर, दिवे, कूलर असं सगळं कोंबू नका. तारा पिंजऱ्याबाहेरून न्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तारेला सॉकेटच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळतं.

विजेच्या बिलाची काळजी फार करू नका. दोन ६० वॅटचे दिवे बारा तास म्हणजे दीड युनिटच्या आत, आणि सिरॅमिक हीटर रात्री निम्मा वेळच चालू असतो.

ऊब आणि अतिनील किरण वेगळे

वर सांगितलेल्या गरम करणाऱ्या दिव्यांतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मिळत नाहीत. ते नसेल तर इग्वानाला ड-३ जीवनसत्त्व बनवता येत नाही, मग कॅल्शियम पचत नाही, जबडा मऊ होतो, हात-पाय वाकतात. म्हणून यूव्हीबीची वेगळी ट्यूब घ्या आणि ती शेकायच्या फांदीच्या वरच लावा, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात. मधे काच किंवा ॲक्रिलिक नको, त्यातून यूव्हीबी जात नाही. अंतर खोक्यावर लिहिलेलं पाळा. ट्यूब उजेड देत असली तरी वर्षभरात तिची किरणं क्षीण होतात. बदलल्याची तारीख ट्यूबवरच मार्करने लिहा.

आपल्याकडे ऊन भरपूर आहे, ते वापरा. हिवाळ्यात सकाळी आठ ते दहा गच्चीवर, पट्टा बांधून, तुम्ही शेजारी बसून, निम्मी जागा सावलीची. एप्रिल-मे मध्ये साडेआठच्या आत खाली आणा.

ओलावा

इग्वानाला हवेत ६५ ते ७५ टक्के ओलावा लागतो. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी तो २०-२५ टक्क्यांवर येतो आणि हिवाळ्यात हीटर हवा आणखी कोरडी करतो. कोरड्या हवेत कात नीट पडत नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची कडी राहते, ती आवळत जाते आणि रक्त बंद होऊन बोट गळतं. त्याला अख्खं अंग बुडेल असा मोठा ट्रे आत ठेवा, दिवसातून दोन-तीनदा फवारणी करा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून या कामाची एक घागर मी वेगळी भरून ठेवतो. फवारताना दिव्यांकडे तोंड करू नका. तापलेल्या हॅलोजनवर थेंब पडला तर काच तडकते.

आधी रिकाम्या पिंजऱ्याची चाचणी

सगळं बसवल्यावर दोन दिवस, दोन रात्री पिंजरा रिकामा चालवा. फांदी, उबदार बाजू, गार बाजू आणि झोपायची जागा, चारही ठिकाणचे आकडे दर तीन तासांनी लिहा, पहाटे पाचचा चुकवू नका. मग मुद्दाम पहिल्या कंट्रोलरचा सेन्सर बाहेर काढून पाहा, दुसरा कंट्रोलर वीज तोडतो का. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, आणि पुढे दर महिन्याला दाबत राहा. जळका किंवा रंगाचा वास आला तर कारण सापडेपर्यंत प्राणी आत सोडू नका.

वीज गेली तर, आणि उन्हाळ्यात

थंडीत तास-दोन तास वीज गेली तर घाबरू नका. पिंजरा उघडू नका, बस. त्याहून जास्त वेळ लागला तर गरम पाण्याच्या बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, त्याच्या अंगाला थेट लागणार नाहीत अशा. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, तिच्यातून निघणारा विषारी वायू माणसांनाही घातक आहे.

मार्चच्या सुरुवातीला सिरॅमिक हीटरचा प्लग काढून कपाटात ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कुणाच्या तरी हाताने ते चालू होतं. एप्रिलपासून खोलीचं तापमानच ३४-३५ होतं, तेव्हा शेकायचे दिवेही दुपारी बंद, फक्त यूव्हीबी ट्यूब चालू. खोलीत पाण्याचा कूलर लावला तर गारवाही येतो आणि ओलावाही. वारा थेट पिंजऱ्यावर सोडू नका.

त्याच्याकडे पाहून काय ओळखायचं

दिवसभर काळपट रंग, खाणं सोडणं, दिव्याखालून न हलणं म्हणजे ऊब कमी पडते आहे. अशा वेळी जबरदस्तीने भरवू नका, आधी पिंजऱ्याचं तापमान ताळ्यावर आणा. तोंड उघडं टाकून धापा, खालच्या कोपऱ्यात जाऊन बसणं, बाहेर पडायची धडपड म्हणजे जास्त तापलं आहे. दिवे बंद करा, सावलीत न्या, कोमट पाण्याच्या उथळ टबात ठेवा. बर्फाचं पाणी नको.

भाजल्याची खूण सुरुवातीला फार लहान दिसते. खवल्यांचा रंग पिवळट किंवा तपकिरी होतो, मग तिथं ओलसर फोड येतो. त्यावर साधं गार पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडा. हळद, टूथपेस्ट, तूप, काही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्यक सगळीकडे नसतात, म्हणून प्राणी आणतानाच दोन-तीन जणांना फोन करून "तुम्ही इग्वाना बघता का" असं विचारून ठेवा. माझ्याकडे असा नंबर कंट्रोलरच्या डब्यावर पेनाने लिहिलेला आहे, म्हणजे मी घरी नसलो तरी आईला सापडतो.